थोरल्या जावयाचा ऑइल कूलर

३ मे २०२६, रविवार

गाडीखाली तेलाचा डाग. पोळीएवढा. अपर्णाला सांगितलं, उन्हाळ्यात जुन्या गाड्यांना घाम येतो. ती म्हणाली, घाम काळा नसतो. ती शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीतल्या जादा वर्गांनाही. पण ते सातवीपर्यंतचं.

डागावर माती टाकली.

आजपासून रोजनिशी. संकल्प असे की गाडीची नीट नोंद ठेवायची, चिडायचं नाही, आणि कुणाशी स्वतःची तुलना करायची नाही. शेवटचा मुख्य.

५ मे

सासूबाईंचा फोन. येत्या १७ तारखेपासून धोंड्याचा महिना. ७ जूनला, रविवारी, दोन्ही जावयांनी सिद्धेश्वरला यायचं. धोंडे, अनारसे, ओवाळणं, सगळं यथासांग. मग मला बराच वेळ बोलल्या. पाडव्यापासून फोन काहून केला न्हाई, लोणच्याची बरणी कवा परत येनार वगैरे. ऐकून घेतलं.

'दोन्ही जावई' हा शब्द मात्र खटकला. चौदा वर्षं मी नुसता 'जावई' होतो. एकवचनी.

दुसरा म्हणजे चिन्मय. अपर्णाच्या धाकट्या बहिणीचा, गुंजनचा नवरा. हिंगोलीत जनावरांचा डॉक्टर. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर नवी पांढरी गाडी घेतली. छताला खिडकी आहे. बेचाळीस डिग्रीत छतातून वर बघून माणसाला काय दिसणार, हे त्याला कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. तो हसला. त्याचे दात चांगले आहेत.

पण तुलना करायची नाही असं ठरलंय.

६ मे

चिन्मयचा फोन. म्हणे, दादा, तुम्ही गाडीची तकलीफ घेऊ नका, ७ जूनला मी वसमतला येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. हिंगोलीहून सिद्धेश्वरला जायला वसमत मुळीच वाटेत नाही. म्हणजे हा माणूस मला उपकृत करण्यासाठी मुद्दाम वळसा घालणार.

नको म्हटलं. आम्हाला आमची गाडी आहे.

इथे नोंद करून ठेवतो की ती साधी गाडी नाही. दोन हजार बाराची, चंदेरी, डिझेल, आणि सासऱ्यांची. व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, धरणाजवळ घर बांधलं, आणि एके दिवशी स्वतःहून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, अपूर्वराव, आता तुम्हीच सांभाळा. जावई दोन, पण किल्ली एकालाच मिळाली. (चिन्मय तेव्हा कुटुंबात नव्हता. हा मुद्दा गौण.)

सासऱ्यांच्या अंगणात कडुनिंबाचं एकच झाड आहे. सावलीत एकच गाडी मावते. संक्रांतीला तिथं चिन्मयची गाडी होती, आणि सासऱ्यांची स्वतःची गाडी सासऱ्यांच्याच अंगणात उन्हात उभी. माझ्याशिवाय कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ७ जूनला मी त्याच्या आधी पोहोचणार.

९ मे

रेडिएटरच्या पाण्याची बाटली उघडून पाहिली. पाणी कॉफीच्या रंगाचं. वर साय.

बाटली बंद केली.

१२ मे

चिन्मय आला होता. वसमतला जनावरांच्या लसीकरणाचा कॅम्प होता म्हणे. सोबत गावरान आंबे. अपर्णानं लगेच त्याला बाटलीबद्दल सांगितलं, जणू तो आंब्यांसोबत बॉनेट उघडायलाच आलेला. त्यानं बाटलीत बोट घातलं. तोच हात, जो दिवसभर म्हशींच्या... असो.

बोट चोळून बघितलं आणि म्हणाला, तेल पाण्यात येऊन राहिलं, दादा. ऑइल कूलर असंल.

मग त्यानं अपर्णाला (मला नाही) समजावलं. ऑइल फिल्टरजवळ एक छोटा डबा असतो. त्यातून गरम तेल आणि रेडिएटरचं पाणी वेगवेगळ्या नळ्यांतून जातं, म्हणजे तेल थंड होतं. नळ्यांच्या मधला पत्रा सडला की दोन्ही एकत्र होतात. त्याच्या पहिल्या जुन्या जीपचं हेच झालं होतं. वेळीच बदललं तर काही नाही, नाहीतर इंजिन गरम होऊन जातं म्हणे.

अपर्णा म्हणाली, किती सोपं करून सांगितलं. चौदा वर्षांत मी तिला हजार गोष्टी सोप्या करून सांगितल्यात.

म्हशीला ताप आला तर मी जाऊन निदान करतो का?

१३ मे

पूर्ण विचार केला. बिघाड काहीही असू शकतो. ऑइल कूलर मात्र नाही.

१६ मे

किसनसिंगच्या गॅरेजला गाडी दिली. त्यानं विचारलं, तुमको क्या लगता है? मी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिलेत. म्हटलं, हेड गॅस्केट. तो म्हणाला, बराबर. त्याची परीक्षा घेण्यासाठी म्हटलं, कुणी ऑइल कूलर म्हणेल. तो म्हणाला, वो भी बराबर. म्हटलं, पण ते नाही. तो म्हणाला, बिलकुल नहीं.

इतका मोकळ्या मनाचा मेकॅनिक तालुक्यात दुसरा नसेल.

२१ मे

गाडी आली. गॅस्केट नवं, रेडिएटर धुतलेला, बाटलीत पाणी काचेसारखं. फोटो काढून 'आपलं कुटुंब' ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'योग्य निदान = योग्य उपचार'. चिन्मयनं अंगठा टाकला. सासूबाईंनी त्या अंगठ्याखाली लाल बदाम टाकला. फोटो माझा, बदाम त्याला.

तरी आजचा दिवस माझा.

२४ मे, रविवार

अपर्णाला घेऊन नरसीला गेलो. नामदेवांचं दर्शन, आणि गाडीची चाचणी. जाताना उत्तम. येताना हिंगोली सोडल्यावर गरमचा काटा वर चढायला लागला. सावली बघून थांबलो. बाटली उघडली. कॉफी.

अपर्णा म्हणाली, चिन्मयला फोन करू का, हिंगोली मागेच आहे. म्हटलं, अजिबात नाही, आपण दोघं किती दिवसांत असे निवांत बसलो नाही. मग बाभळीखाली निवांत बसलो. तिच्याजवळ उत्तरपत्रिका होत्या. तिनं त्या तपासल्या. ऊन उतरल्यावर बिसलरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालून हळूहळू घरी.

ती वाटेत बोलली नाही. थकली असावी.

२८ मे

आमच्या कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर तातेराव भेटले. तरुणपणी ट्रकवर होते. ते म्हणाले की आमच्या काळी रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायचो, भोक बुजून जायचं.

लगेच पटलं. वसमतची हळद साऱ्या देशात जाते, माझ्या रेडिएटरमध्ये का जाऊ नये? घरी येऊन डब्यातली टाकली. अपर्णा शाळेत होती.

२९ मे

बाटलीत तेल, पाणी आणि हळद. फोडणी तेवढी राहिली होती.

किसनसिंगनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल काढून फोटो घेतला, स्वतःसाठी. हे कुणी केलं म्हणाला. म्हटलं, कुणीतरी असूयेपोटी केलं असणार. म्हणाला, बराबर.

अपर्णानं संध्याकाळी विचारलं, हळद कुठे गेली. म्हटलं, मुंग्या झाल्या होत्या.

२ जून

आज जे ऐकलं ते लिहिताना हात जड होतोय.

कॉलेजातून लवकर आलो. अपर्णा मागच्या दारी फोनवर. हळू आवाजात. माझी चाहूल लागताच 'बरं चिन्मय, ठेवते' म्हणून फोन बंद. पण तेवढ्यात काही वाक्यं कानावर आली होती. 'कूलर मिळाला ना?' ती म्हणत होती. आणि पुढे, 'यांना आत्ताच कळायला नको. बाबांच्या घरीच देऊ.'

उलगडलं सगळं. उन्हाळा. सासू-सासरे म्हातारे. घरात पंखा जुना. चिन्मय सासऱ्यांना धोंड्याच्या दिवशी कूलर भेट देणार. माझी बायको त्याला सामील. आणि मी तिथं आंब्याच्या पेटीसह बावळटासारखा उभा.

माझ्याच बायकोनं माझ्यापासून लपवावं, आणि तेही त्याच्यासाठी? जेवताना तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिनं विचारलं, भाजी बिघडली का. म्हटलं, भाजी नाही.

३ जून

मी कूलर घेतला. त्याच्यापेक्षा मोठा असणार याची खात्री आहे, कारण दुकानदारानं सांगितलं की याच्यावरचा फक्त लग्नाच्या हॉलला लागतो. अपर्णाला म्हटलं, आईबाबांना. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, त्यांच्याकडे धरणावरचं वारं असतं की. मी अर्थपूर्ण हसलो.

५ जून

किसनसिंगनं रेडिएटर धुऊन, पाइप बदलून गाडी तयार ठेवली होती. आज प्रथमच त्यानं स्वतःचं मत मांडलं. म्हणाला, साहेब, एक बार वो कूलर देख लेते. म्हटलं, कूलरची चिंता नको, मी घेतलाय. त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं. म्हणाला, बराबर.

७ जून, रविवार. सकाळ

टपावर कूलर दोरीनं बांधला. पाणी भरलं. मन शांत. आज ऊन तापायच्या आत निघून कडुनिंबाखाली. गरमच्या काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. नकारात्मक गोष्टींकडे सारखं बघितलं की त्या वाढतात.

७ जून. संध्याकाळ, सिद्धेश्वर, अंगणात बाजेवर

जे घडलं ते क्रमानं लिहितो. नंतर लोक वेगवेगळं सांगतील.

वसमत सोडून थोडं पुढे आलो आणि आरशात पांढरी गाडी दिसली. छताला खिडकी. हिंगोलीचा माणूस, औंढ्याच्या अलीकडे, वसमत रस्त्यावर. म्हणजे मला मागे टाकण्यात मजा यावी म्हणून भल्या पहाटे उठून आलेला.

मी वेग वाढवला. त्यानं वाढवला. मी कमी केला, त्यानं केला. पुढे जायचं नाही, मागेही राहायचं नाही. मांजर उंदराशी खेळतं तसं. अपर्णा सारखी हळू चला म्हणत होती आणि मोबाइल बघत होती.

औंढ्यात अधिक महिन्याची नागनाथाला गर्दी. तिथं तो एका ट्रॅक्टरमागे अडकला. मी सटकलो. सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर आयुष्यात फार दिवसांनी मोकळं वाटलं. मग पुन्हा आरशात पांढरं. आता तो लाइट मारत होता. हॉर्न देत होता. साइड मागत होता. मी रस्त्याच्या मधोमध गाडी ठेवली.

अपर्णा म्हणाली, थांबा, बॉनेटमधून धूर निघतोय. म्हटलं, रस्त्यावरची धूळ आहे. ती म्हणाली, थांबा म्हणतेय ना. म्हटलं, धरण दिसेपर्यंत. वर चढ होता. मी ॲक्सिलरेटर दाबला. आतून खलबत्त्यात दगड टाकल्यासारखा आवाज आला, मग आणखी एक, आणि गाडी आपोआप थांबली. धरण दिसत होतं.

चिन्मय पळत आला. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. म्हणाला, दादा, मी कवापासून लाइट देऊन राहिलो.

अपर्णा खाली उतरली. रस्त्यावर उभी राहूनच तिनं सगळं सांगितलं. तिनंच त्याला बोलावलं होतं. ही गाडी वाटेत बंद पडणार हे तिला माहीत होतं आणि मी ऐकणार नाही हेही. म्हणून तो पहाटे हिंगोलीहून वसमतला आला आणि तिथून आमच्या मागोमाग, मी जोरात गेलो तर जोरात, हळू गेलो तर हळू. गुंजनला त्यानं कालच माहेरी पोहोचवलं होतं.

खोक्यात कूलर होता. ऑइल कूलर. माझ्या गाडीचा. नव्या दुकानांत मिळत नाही, म्हणून त्यानं नांदेडला जुन्या सामानाच्या बाजारात शोधून काढला. इथं आल्यावर कुणाला न कळता आम्ही दोघांनी मिळून बसवायचा, असा त्यांचा बेत होता. दोघांनी मिळून, म्हणजे मला कमीपणा नको.

त्यानं इंजिन थंड होऊ दिलं, मग किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. मग इंजिनवर तळहात ठेवून उभा राहिला, जनावरावर ठेवतात तसा. काही बोलला नाही. डॉक्टर लोक गप्प बसतात ते मला आवडत नाही.

पुढचं अंतर दोरीनं ओढत. त्याची गाडी पुढे, माझी मागे, माझ्या टपावर लग्नाच्या हॉलच्या खालोखालचा कूलर. अपर्णा त्याच्या गाडीत बसली. मागच्या काचेतून दिसत होती. पदरानं डोळे पुसत होती. एसीचा झोत डोळ्यांवर येत असणार.

अंगणात आल्यावर चिन्मयनं आणि सासऱ्यांनी माझी गाडी ढकलत कडुनिंबाखाली लावली. त्याची गाडी उन्हात. म्हणजे ठरवलं होतं ते झालं.

सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. टपावर हात ठेवला. मला वाटलं भरून आलं. ते म्हणाले, बरं झालं, गेली एकदाची.

मग चहा पिताना सगळ्यांसमोर सांगितलं. तवाच तेल गळत होतं. कुणी गिऱ्हाईक मिळंना. तुम्हाला गाडीची हौस दिसली म्हणून देऊन टाकली. पण पोरगी तीत बसून फिरती म्हणून मनाला घोर होता.

सासरे भावनेच्या भरात बोलले. त्याची नोंद घ्यायची नाही.

धोंडे चांगले झाले. आधी मला ओवाळलं, मग त्याला. तेहेतीस-तेहेतीस अनारसे, दोघांना सारखे. सासूबाई मला ताटावरच बोलल्या. चप्पल उंबऱ्यात काहून काढली, अन् हे कूलरचं धूड दारात काहून आनून ठेवलं, मानसानं ये-जा कुठून करायची. सगळे हसले. चिन्मय हसला नाही. माझ्याकडे बघत होता. कीव करत असावा.

८ जून

अद्भुत दिवस. ज्याची वर्षभर वाट पाहिली ते झालं, आणि अपेक्षा नसताना.

सकाळी चिन्मय म्हणाला, चला दादा, धरणाच्या भिंतीवर फिरून येऊ. पाणी खूप खाली गेलंय. मासे धरणाऱ्यांच्या होड्या गाळात टेकलेल्या. मला वाटलं, आता कालच्याबद्दल ऐकवणार. मी उत्तरं तयार केली.

तो म्हणाला, "दादा, रागावू नका. मला तुमचा हेवा वाटतो."

मी थांबलो.

म्हणाला, "आई तुमाला काल चपलेवरून कशा बोलल्या. मला असं कुनी बोलत न्हाई. 'अहो डॉक्टर, घ्या ना, अहो डॉक्टर, बसा ना.' लहानपनी आई गेली माझी. लग्न ठरलं तवा वाटलं होतं, आता घरात रागवनारं कुनीतरी भेटंल. वर्ष झालं. अजून पाव्हनाच हाय मी. तुमी घरचे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्यानं ठेवावा तसा. आतून काय वाटत होतं ते फक्त इथे लिहितो. नवी गाडी त्याची, दात त्याचे, बदाम त्याला. आणि हेवा? हेवा माझा! त्याला!

मोठेपणानं सल्लाही दिला. म्हटलं, तू फार नीट वागतोस. सगळं जागच्या जागी ठेवतोस, विचारून घेतोस, आभार मानतोस. घरचा माणूस असा नसतो. जरा चुकत जा. तो म्हणाला, जमंल का मला? म्हटलं, सरावानं येतं.

९ जून. वसमत

काल दुपारच्या बसनं आलो. चिन्मय सोडतो म्हणाला होता. मी नको म्हटलं, आता मला कुणाच्या गाडीची गरज वाटत नाही.

अपर्णाला खिडकी मिळाली. औंढा गेल्यावर तिनं विचारलं, "काल तुम्ही गाडी पळवत होतात, तेव्हा मी शेजारी बसलेय हे लक्षात होतं का?"

म्हटलं, अर्थातच.

ती बाहेर बघत राहिली. मीही बघितलं. नुसती नांगरलेली रानं.

लक्षात होतं. निदान वसमत सोडताना होतं. औंढ्यापर्यंतचं नक्की आठवत नाही.

१० जून

अपर्णा शाळेतून आल्यावर मी चहा केला. तिनं घेतला. उद्याही करणार.

११ जून

किसनसिंग सिद्धेश्वरला जाऊन गाडी बघून आला. इंजिन जाम. आता फक्त भंगारवाला. मी विचारलं, कशामुळे झालं? त्यानं उलट विचारलं, तुमको क्या लगता है? म्हटलं, ऑइल कूलर.

तो काही बोलला नाही. एवढं एकदा त्यानं 'बराबर' म्हणायला हवं होतं.

१४ जून, रविवार

उद्या धोंड्याचा महिना संपतो. आज सासूबाईंचा फोन. अपर्णा पोळ्या लाटत होती म्हणून स्पीकरवर.

काल चिन्मय तिकडे गेला होता. भंगारवाल्याला गाडी ओढता यावी म्हणून त्यानं आपली गाडी मागे घेतली आणि अंगणात चटईवर वाळत घातलेल्या सगळ्या कुरडयांवरून नेली. पुढे आला, आणि दुसऱ्यांदा नेली. सासूबाईंचा आवाज पार स्वयंपाकघर भरून. डोळे फुटले काहून त्याचे? डॉक्टर झाला म्हन्जे काय झालं? तीन दिवस चीक ढवळून ढवळून माझे हात गेले! चांगला कान धरला त्याचा, म्हटलं मुकाट्यानं गोळा कर एकेक तुकडा! अन् हे लेकरू हसून राहिलं नुसतं, गोळा करता करता!

लेकरू.

'अहो डॉक्टर' नाही. 'त्याचा' आणि 'लेकरू'.

मी पाट सोडून उठलो. अपर्णा बघत होती.

मग आवाज एकदम खाली आला. अपूर्वराव कसे हायेत, विचारलं. त्यांनी जेवन बराबर करावं म्हनावं. गाडीचं मनाला लावून घेऊ नये. हे बोलले हायेत आमाला, मोठे जावई खचलेत, त्यांना कुनी काही बोलायचं न्हाई.

मी फोन घेतला. म्हटलं, आई, तुमची लोणच्याची बरणी अजून इकडेच आहे. म्हणाल्या, असू द्या, असू द्या, तुमचीच हाय. म्हटलं, धोंड्याला येताना आंब्याची पेटी आणायची होती, ती कूलरच्या गडबडीत राहिली. म्हणाल्या, तुमी आलात हेच लई झालं.

अपर्णा लाटणं थांबवून माझ्याकडे बघत होती.

म्हटलं, "आई, अनारसे कडक झाले होते. दात दुखले माझे."

चौदा वर्षांत सासूबाईंच्या अनारशाला असं कुणी बोललेलं नाही. मी कानापासून फोन जरा लांब धरला.

मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं, म्हणाल्या, "व्हय का. झाले असतील हो. पुढच्या धोंड्याला मऊ करते बरं का, तुमच्यासाठी."

पुढचा धोंडा तीन वर्षांनी.

फोन ठेवताना त्या मला नमस्कार म्हणाल्या.